सशांच्या कण्या

मामाच्या पडवीत मधल्या तुळईला एक काटा लटकत असे. त्याला ताणकाटा म्हणतात हे मला पुढे शाळेच्या पुस्तकातून कळलं. घरात तो नुसता काटा होता. पितळेची पट्टी, तिच्यावर घासून पुसट झालेल्या रेघा, खाली लोखंडी हूक आणि हुकाला पोत्याची शिवलेली झोळी. रविवारी गिरणी बंद असली की मामा सकाळी आंघोळ करून, धुतलेलं बनियन घालून पडवीत बसे. मी गोठ्यातल्या पिंजऱ्यांतून एकेक ससा आणून द्यायचे. मामा त्याला दोन्ही हातांनी झोळीत ठेवी, त्याचे कान झोळीत नीट दुमडी आणि काटा हलायचा थांबेपर्यंत श्वास रोखून बसे. सशाचं वजन करताना मामा जितका हळुवार होई, तितका मी त्याला एरवी कधी पाहिला नाही.

वडील गेले तेव्हा मी सहावीत होते आणि माझी धाकटी बहीण बेबी अंगावर पीत होती. मुरबाडकडच्या आमच्या गावात आम्हाला ठेवून घेणारं कुणी उरलं नाही, म्हणून आई आम्हा दोघींना घेऊन किन्हवलीजवळ तिच्या भावाकडे आली. मामाने आम्हाला छप्पर दिलं. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं लिहिताना ते माझ्या हातून राहून जाईल, आणि तेही खरं आहे.

मामा भातगिरणीवर होता. गिरणी आमच्या वाडीपासून शेतांपलीकडे होती, पण तिच्या पट्ट्याचा आवाज घरात चुलीपर्यंत यायचा, आणि मामा घरी आला की त्याच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कोंड्याची पांढरी भुकटी बसलेली असायची. त्या घराला कोंड्याचाच वास होता. ताजा असताना गोडसर, शिळा झाला की खोबरेल तेलाच्या जुन्या बाटलीसारखा खवट. भात भरडल्यावर तांदूळ ज्याचा त्याने न्यायचा आणि खाली राहील तो कोंडा नि तुटलेल्या तांदळाच्या कण्या यांतला वाटा मामाला मिळायचा. आधी तो म्हशीला जायचा. म्हैस गेल्यावर मामा शहापूरला कुठल्याशा शिबिराला जाऊन आला आणि तिच्या गोठ्यात जाळीचे पिंजरे लागले. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे ससे आले. मोठ्या सशांना नुसता कोंडा आणि आम्ही कापून आणलेलं गवत. आईचं दूध सुटलेल्या पिल्लांना मात्र मामा ‘वाढीची पिल्लं’ म्हणे, आणि त्यांच्या डब्यात कोंड्याबरोबर तुरीची चुणी, म्हणजे डाळीचा चुरा, आणि कण्या पडत. “कन्या पोटात गेल्या का मांस धरतं,” हे त्याचं वाक्य होतं.

मांस धरलेले ससे हायवेवरच्या ढाब्यांकडे जात. घेणारा जिवंत नेत नसे, त्यामुळे ते काम घरीच व्हायचं. मागचे पाय मी धरायचे. मामा हाताच्या कडेने कानांमागे एक फटका मारी. ससा जन्मभर तोंडातून आवाज काढत नाही, पण फटका नीट बसला नाही तर तो ओरडतो, आणि ते ओरडणं लहान मुलासारखं असतं. मी पाय सोडले तर मामा तोच हात माझ्या पाठीत घाली आणि म्हणे, “वंदे, भाकर खाताना तुला रडू येत नाय तं.” संध्याकाळी आम्ही सगळे बुद्धाच्या तसबिरीपुढे बसून वंदना म्हणत असू. पंचशील मामा सगळ्यांत खणखणीत म्हणायचा. प्राण्यांची हिंसा करणार नाही, हे पहिलं शील म्हणताना त्याचा आवाज जराही अडखळत नसे. माझा अडखळायचा.

घरात तांदूळ मामी मोजून काढत असे. मामीचं तोंड वाईट आणि हात त्याहून आखडता. मापट्यात तांदूळ घेऊन ती वरून तळहात फिरवायची आणि कडेला जमलेले दाणेसुद्धा परत डब्यात टाकायची. मामा-मामीचं जेवण झालं की भाताच्या टोपाला जे लागलेलं असेल ते आमचं. बाकी नाचणीची भाकरी, तीही पातळ, आणि पावसाळ्यात आई बांधावरून आणायची तो टाकळा नाहीतर कुर्डू. सुकट भाजली की वास सगळ्या घराला यायचा, वाटणी मात्र सगळ्यांना यायची नाही. मला या जेवणाची तक्रार नाही. पुढे वसतिगृहात मुली भाजीला नाव ठेवत तेव्हा मला खरोखर कळत नसे की त्या कशाबद्दल बोलत आहेत.

आम्ही आल्याच्या दुसऱ्या वर्षी पाऊस लागायच्या सुमाराला बेबीला गोवर आला. गोवर गेला, पण त्यानंतर तिच्या पोटात काही ठरेना. भाकरी खाल्ली की ओकायची. तीन वर्षांची मुलगी, पुन्हा रांगायला लागली. सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी तिचे डोळे, नखं पाहिली आणि आईला म्हणाल्या, “मऊ पेज द्या. थोडी थोडी, दिवसभर. नाहीतर ही हाती लागणार नाही.”

आईने त्या दिवशी मामा हात धुऊन बसेपर्यंत वाट पाहिली.

“दादा, मूठभर कन्या दे रे. पोरीला पेज घालते.”

“कन्या पिल्लांच्या हायत.”

“मूठभरच म्हनते मी.”

“कुशे,” मामा म्हणाला, आणि त्याचा आवाज अगदी समजुतीचा होता, “पिलू मोठं झालं का मला काय तरी देऊन जातं. तुझी पोर मोठी झाली का काय देनार? उद्या लगीन काढ म्हनशील, तेपन माझ्याच दारात.”

आतून मामी हसली. “आवो, द्या की. पोरीला पन पिंजऱ्यात ठेवा, म्हंजे बरोबर मांस धरंल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने कण्यांचा डबा कोंड्याच्या पोत्यात उपडा केला, दोन्ही हातांनी कोपरापर्यंत ढवळला आणि आईकडे बघून म्हणाला, “आता रांध.”

त्याच रविवारी वजनं झाल्यावर शेजारचे दोघंतिघं पडवीत बिड्या ओढत बसले होते. बेबी भिंतीला टेकून बसली होती. मामाच्या मनात काय आलं कोण जाणे, त्याने तिला उचललं आणि झोळीत घातलं. तिचे पाय बाहेर लोंबत होते. काटा हलला आणि थांबला. “घ्या,” मामा म्हणाला, “सरकारी दवाखान्यातून आनलेलं पिलू. खातंय रोज, वाढत काय नाय. ह्याला गिऱ्हाईक मिळंल का?” एक जण म्हणाला, “ढाब्यावाला पन नाय घेनार, नुसती हाडं.” सगळे हसले. बेबीसुद्धा हसली. तिला तो पाळणा वाटला. आजारपणानंतर ती पहिल्यांदा हसत होती, म्हणून मीही हसले, आणि मग आईकडे पाहिलं. आई चुलीतली राख ओढत होती. ती वर बघत नव्हती.

आईने सासरहून एकच वस्तू आणली होती, ते म्हणजे तिचं सूप. बांबूचं, कडेला लुगड्याची पट्टी शिवलेलं, शेणाने सारवलेलं. सोमवारी मामा गिरणीवर गेला, मामी पाण्याला गेली, आणि आईने गोठ्यामागे बसून सशांचं खाणं सुपात घेतलं. आपल्याकडे पाखडणं कुठल्याही बाईला येतं, पण इतकं हलकं पाखडलेलं मी नंतरही पाहिलं नाही, कारण तिला आवाज होऊ द्यायचा नव्हता. कोंडा खाली अंथरलेल्या पोत्यावर झडत होता, चुणीचे कण ती बोटाने बाजूला करत होती, आणि सुपाच्या मागच्या कडेला पांढऱ्या कण्यांची बारीक रांग जमत होती. माझं काम ऐकायचं. गिरणीचा पट्टा चालू आहे तोवर मामा तिथेच आहे. पट्टा थांबला की मी खोकायचं.

कोंडा नि चुणी परत डब्यात, कण्या पदरात. परसात तीन दगडांवर आई पेज शिजवायची आणि मिठाचा खडा टाकून बेबीला वाटीने पाजायची. पेजेचा तो वास मला अजून कुठेही आला तरी मी थांबते. परवा एका लग्नात आजाऱ्यासाठी कुणी पेज केली होती, तर मी जेवणाचं ताट तसंच हातात धरून त्या चुलीजवळ उभी राहिले. माझ्या मुलाला वाटलं मला चक्कर आली.

बेबीच्या गालांवर हळूहळू रंग आला. ती भिंत धरून चालली, मग भिंत सोडून चालली. पिंजऱ्यांतली वाढीची पिल्लं मात्र कोंड्यातलं भुसकट उकरत बसत. जुन्या गिरणीचा कोंडा तो, त्यात तूस भरडलेलं असे; त्याने पोट भरतं, अंग धरत नाही. रात्रंदिवस डब्याच्या तळाशी त्यांच्या नखांची खरखर चालायची. मी त्यांना उचलायचे तेव्हा पाठीचा कणा बोटांना लागायचा. आईला मी ते सांगितलं. ती म्हणाली, “मला ठावं हाय.” इतकंच. तिने दोन्ही बाजू पाहिल्या होत्या आणि एक धरली होती.

मामालाही काटा ते सांगत होता. दोन रविवार त्याने पिल्लं उलटसुलट करून पाहिली, कान पाहिले, शेपटीखाली पाहिलं. गवतात दोष असेल म्हणून मला ओढ्यापलीकडचं गवत आणायला लावलं. तिसऱ्या रविवारी त्याने शेवटचं पिलू झोळीतून काढलं आणि कपाळाला हात लावून तसाच बसून राहिला. तेवढ्यात बेबी धावत पडवीत आली. खरंच धावत. झोळीला लोंबकळून म्हणाली, “मामा, मला झोका.”

“इकडं ये गो,” आई दारातून म्हणाली. “मामाला काम हाय.”

“मामा, मला पन!”

मामाने तिला बघितलं. मला वाटतं त्या घरात आल्यापासून त्याने तिला पहिल्यांदाच नीट बघितलं. मग उचललं, झोळीत ठेवलं, आणि पिल्लांचे कान दुमडी तसे तिचे केस कानांमागे सारले. काटा हलला, थांबला. तो मागच्या वेळेच्या रेघेवर थांबला नाही. बेबी पाय हलवत होती. “अजून, अजून,” म्हणत होती. मामाने काट्याकडे पाहिलं, पिंजऱ्यांकडे पाहिलं आणि मग आईकडे. दारामागच्या खुंटीवर तिचं सूप होतं. त्याने ते काढून आणलं आणि सुपाच्या विणीतून नखाने एक कणी उकरून काढली. ती तळहातावर ठेवून आईसमोर धरली.

“घेतल्या,” आई म्हणाली. “पोर मरत व्हती.”

मी मार पडायची वाट पाहत होते. मामाने मारलं नाही. संध्याकाळी वंदनेला त्याने शेजारच्या चार घरांतली माणसं बोलावली. सगळे बसल्यावर आईला एकटीला पुढे उभं केलं आणि म्हणाला, “आज पंचशील कुसुम म्हनंल. दुसरं शील तेवढं म्हन. आनि मराठीत सांग, पोरांना पन समजू दे.” आईने हात जोडले. जे दिलेलं नाही ते मी घेणार नाही. “ऐकू नाय आलं,” मामा म्हणाला. तिने पुन्हा म्हटलं. “मागं ऐकू नाय आलं.” तिने पुन्हा म्हटलं. बायका खाली बघत होत्या. एका म्हाताऱ्याने “पुरे रे आता” म्हटलं, तेव्हा मामा म्हणाला, “बाबा, धम्म हाय हा. ह्याच्यात पुरे नसतं.” बेबी आईच्या पायांशी बसून तेच बोबड्या बोलांत म्हणत होती. ते वाक्य मी आजही वंदनेत म्हणते. त्यावरची माझी श्रद्धा मामाला घालवता आली नाही, पण ते म्हणताना माझे डोळे उघडे असतात.

दुसऱ्या सकाळी मामाने पोतं आतल्या खोलीत नेऊन कुलूप लावलं. मग म्हशीची जुनी बादली काढली, तीत कोंडा, चुणी, कण्या घातल्या, वर पाणी ओतलं, मूठभर मीठ टाकलं आणि काठीने ढवळलं. म्हशीला द्यायचा तसं आंबोण. ओल्या लगद्यात कुठली कणी आणि कुठला कोंडा, हे कुठल्याच सुपाला निवडता येणार नव्हतं. बादली आईपुढे सरकवून तो म्हणाला, “आता पाखड.”

श्रावणातले दिवस होते. भिंतींना ओल आलेली, दांडीवरचे कपडे वाळत नव्हते. मामाला रोज कुलूप काढायचा कंटाळा, म्हणून तो एकदम दोन दिवसांचं भिजवून ठेवी. पिल्लं आधी अधाशासारखी तुटून पडली. मामा खूश झाला. दुसऱ्या दिवशी बादलीवर फेस आला. गोठ्यात ताडी उतरवल्यासारखा वास सुटला.

“दादा, आंबलंय रे ते,” आई म्हणाली. “नको घालू.”

“आंबनारच. आंबोन म्हंत्यात त्याला. जलमभर म्हशीला घातलं, कदी काय झालं नाय. तुला तुझ्या पोरीची पेज दिसते त्याच्यात, दुसरं काय नाय.”

म्हशीला चार पोटं असतात हे मी कॉलेजात शिकले. सशाला एक असतं. पण ते शिकायच्या आधी मी बघून घेतलं होतं. पिल्लं डब्याकडे पाठ करून कोपऱ्यात दबून बसली. दात कराकरा वाजवू लागली. पोटं डफासारखी ताठ झाली, हात लावला की ती अंग आक्रसून घेत. आईने त्यांना कोरडं गवत घातलं, त्यांनी तोंड लावलं नाही. पहाटे गोठ्यातली खरखर थांबली होती. मी दार उघडलं तर पिल्लं पिंजऱ्यात आडवी पडलेली, लाल डोळे उघडे. त्याच बादलीतलं खाल्लेले मोठ्यांतलेही काही गेले होते.

मामा आला. पिंजरे एकामागून एक उघडत गेला. त्याने बादलीकडे पाहिलं. मला ठाऊक आहे की त्याने पाहिलं, आणि त्याला कळलं. मग तो वळला आणि आईला म्हणाला, “पदर पुढं कर.”

“दादा?”

“पदर कर. तुझी ओटी भरतो. भावानं बहिनीची ओटी भरायची असती का नाय?”

आमच्याकडे बहीण माहेराहून निघाली की तिची ओटी भरून पाठवतात. तांदूळ, नारळ, जमलं तर खण. विधवेची भरत नाहीत. वडील गेल्यापासून आईच्या पदरात कुणी काही घातलं नव्हतं. तिने पदर पसरला. का पसरला, मला अजून कळत नाही. मामाने एकेक मेलेलं पिलू उचललं आणि तिच्या पदरात ठेवलं, मोजदाद केल्यासारखं, हळूहळू. दारात मामी तोंडाला पदर लावून उभी होती आणि या खेपेला हसत नव्हती. “घे,” मामा म्हणाला. “तुझ्या पोरीनं खाल्लेली. ने आता.” मग तो गिरणीवर गेला. थोड्या वेळाने नेहमीसारखा पट्ट्याचा आवाज सुरू झाला.

आईने परसात खड्डा खणला, पिल्लं पुरली, वर दगड ठेवले. विहिरीवर लुगडं बदललं, जुनं धुतलं, पिळून पिशवीत घातलं. माझी पुस्तकं पोत्यात गुंडाळली. “ओटी भरली ना भावानं,” ती मला म्हणाली, “मग आता राहायचं नसतं.” मामीने काही विचारलं नाही. आम्ही निघताना तिने माझ्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी कोंबलं आणि आत निघून गेली. त्यात भाकरी होती. किन्हवलीच्या स्टँडपर्यंत पाऊस सोडत नव्हता. आईने सूप बेबीच्या डोक्यावर धरलं. शेण विरघळून बेबीच्या कपाळावर ओघळत होतं आणि ती ते पुसून हसत होती.

मुरबाडला मुलींच्या एका वसतिगृहात आईला स्वयंपाकाचं काम मिळालं, आणि स्वयंपाकिणीच्या मुली म्हणून आम्हाला तिथे राहायला मिळालं. तिथल्या अधीक्षक बाईंनी मला शिकवलं, दटावलं, फॉर्म भरायला लावले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी पदवीधर झाले ते त्यांच्यामुळे आणि आईमुळे.

निकाल लागला तेव्हा मामाच्या वाडीतल्या मंडळाने समाजमंदिरात माझा सत्कार ठेवला. आई नको म्हणेल असं वाटलं होतं, पण ती इस्त्रीचं लुगडं नेसून तयार झाली. बेबी बरोबर होती, आता माझ्या खांद्याला लागलेली. मामाला वडीलधारा म्हणून मंचावर बसवलं होतं. भुवया आता कोंड्याशिवायच पांढऱ्या होत्या. शाल-नारळ झाल्यावर त्याने माइक मागून घेतला. “लोकांना वाटतं पोरी आपल्याआपन शिकतात,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज भरून आला; खोटा नव्हता तो, हे मला सांगितलं पाहिजे. “पन वाढवावं लागतं. ह्या दोगी पोरी माझ्या घरच्या कन्या खाऊन वाढल्यात. माझ्या घरच्या!”

टाळ्या पडल्या. मामाने नाक पुसलं आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आईकडे हात केला. “विचारा माझ्या बहिनीला. कुसुम, खरं हाय का नाय?”

टाळ्या थांबल्या. सगळे आईकडे वळले. ती उठली. पदर नीट केला.

“खरं हाय, दादा,” ती म्हणाली. “पाखडून घातल्या.”

लोकांना वाटलं बाई कष्टाचं सांगते आहे, आणि त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मामा माइक हातात धरून उभा होता. मग त्याने तो शेजारच्याला दिला आणि खुर्ची हाताने चाचपत खाली बसला. आई केव्हाच बसली होती. बेबीने मला विचारलं, “काय गं, आई काय म्हणाली?” तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. झोका तेवढा आठवत होता.